गाडीचं कूलंट बदलताना: जेवढं निघालं, तेवढं आत गेलं का?

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी एप्रिलमध्ये सेकंडहँड वॅगन आर घेतली, सीएनजी किट बसवलेली. टायर, क्लच, बॅटरी सगळं बघून झालं होतं. गाडी रात्रभर उभी होती म्हणून सकाळी मी रेडिएटरचं झाकण उघडलं. आत कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, रंग कुठेच नव्हता. चहाच्या चोथ्यासारखं तांबूस पाणी होतं आणि झाकणाच्या रबराभोवती पांढरे क्षार बसले होते, बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसतात तसे. काका म्हणाले, "अरे, त्यात काय एवढं? पाणीच तर असतं ना त्यात!"

हा समज फार जणांचा असतो, आणि तो महागात पडतो. कूलंटमध्ये पाणी असतंच, साधारण निम्मं. उरलेल्यात बहुतांश इथिलीन ग्लायकॉल आणि थोडी गंजरोधक रसायनं असतात. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं-निम्मं मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून चालत्या गाडीत ही मर्यादा १२५ च्या आसपास किंवा त्याहून वर जाते. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, एसी लावून आणि पाच माणसं बसवून खंबाटकी चढायचा असेल, तर हे वरचे वीस-पंचवीस अंशच गाडीला तारतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर असतं.

त्याहून महत्त्वाची ती गंजरोधक रसायनं. इंजिनमध्ये ॲल्युमिनियम, लोखंड, रबर, प्लास्टिक सगळं एकाच पाण्यात बुडालेलं असतं. ती रसायनं हळूहळू संपतात. ग्लायकॉल तसंच राहतं, रंगही राहतो, पण संरक्षण गेलेलं असतं. म्हणून "रंग चांगला आहे, अजून एक वर्ष जाईल" हा हिशेब चुकीचा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरला बदलतात, लाँग लाइफ प्रकारचं पाच वर्षं किंवा त्याहून जास्त चालतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच धरायचा. किलोमीटर कमी झाले असले तरी वर्षं मोजायचीच.

कोणतं कूलंट घ्यायचं

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हा फक्त टाकलेला रंग आहे, त्याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. दोन कंपन्यांची हिरवी कूलंट आतून पूर्ण वेगळी असू शकतात. वेगळ्या रसायनांची दोन कूलंट एकत्र झाली की गंजरोधक गुण लवकर संपतात, आणि काही जोड्यांमध्ये चिकट गाळ तयार होतो. तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. मॅन्युअलमध्ये कूलंटचा प्रकार किंवा मानक दिलेलं असतं, तेच डब्याच्या मागच्या बाजूला शोधा. जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६ अशी अक्षरं चांगल्या डब्यांवर छापलेली असतात. आत आधी काय होतं हे ठाऊक नसेल, काकांच्या गाडीसारखं, तर सगळं धुऊन काढून नव्याने भरणं हाच सुरक्षित मार्ग.

डबे दोन प्रकारचे मिळतात. रेडी-मिक्स थेट ओतायचं असतं, त्यात पाणी मिसळायचं नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी मिसळायचं असतं आणि प्रमाण डब्यावर दिलेलं असतं. कुठे १:१ असतं, कुठे १:३. दुकानदार तोंडी सांगेल त्यापेक्षा छापलेलं वाचा. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर जास्त चांगलं, असंही काहींना वाटतं. ते चूक आहे. निव्वळ ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याच्या निम्म्याहून जेमतेम जास्त असते, त्यामुळे गाडी उलट जास्त तापते.

पाणी मात्र डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्डच. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. आरओचं पाणी अडचणीत चालेल, बोअरचं अजिबात नाही. काकांच्या झाकणावर जे पांढरं दिसलं, तेच आत इंजिनच्या भिंतींवर बसतं, आणि तिथे ते घासून काढता येत नाही.

सामान आणि जागा

सपाट जागा, मोठं घमेलं किंवा टब, नरसाळं, पक्कड, जुनी फडकी, रबरी हातमोजे, चष्मा. आणि एक वस्तू जी बहुतेक जण घेत नाहीत: मापाच्या रेघा असलेला एक-दोन लिटरचा मग. माझ्या मते या कामातलं सगळ्यात गरजेचं साधन तोच आहे, का ते पुढे येईल. खाली झोपावं लागणार असेल तर गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नका. जॅक स्टँड लावा, गॅरेजमध्ये त्याला घोडी म्हणतात. विटा, दगड, फरशीचे तुकडे चालणार नाहीत, ते वजनाखाली फुटतात. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये ड्रेन प्लग रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात असतो आणि गाडी न उचलता हात पोचतो. तसं असेल तर उचलूच नका.

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सर्वांत चांगली. गरम इंजिनवर झाकण उघडलं तर दाब एकदम सुटतो, आणि १०० च्या वर तापून दाबाखाली थांबलेलं कूलंट क्षणात उकळून कारंज्यासारखं चेहऱ्यावर येतं. घाटात बॉनेट उघडून घाईघाईने झाकण फिरवताना हात आणि तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. वरचा जाड होज (रबरी नळी) हाताने दाबून बघा. कडक लागला तर आत अजून दाब आहे. मऊ असेल तरी झाकणावर जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, थांबा, मग पुढे. रेडिएटरच्या पंख्यापासूनही हात लांब. काही गाड्यांमध्ये तो चावी काढल्यावरही सुरू होतो, म्हणून कूलंट काढताना बॅटरीचा निगेटिव्ह सोडून ठेवलेला बरा.

सगळ्या गाड्यांना रेडिएटरवर झाकण नसतं. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांत प्लास्टिकची गोल टाकीच दाबाखाली असते आणि झाकण तिच्यावर असतं. तिथे उघडणं आणि भरणं दोन्ही त्या टाकीतूनच. बाकी कृती तीच.

काढणं

आधी झाकण उघडा, मग खालचा प्लग. झाकण बंद असेल तर वरून हवा शिरत नाही आणि धार अडखळत येते. ड्रेन प्लग बहुधा प्लास्टिकचा असतो आणि जुन्या गाडीत ठिसूळ झालेला असतो. हाताने फिरत नसेल तर पक्कड लावून जोर करू नका. तो तुटला तर रेडिएटर उतरवायची वेळ येते. त्याऐवजी खालच्या होजची स्प्रिंग क्लिप पकडीने दाबून मागे सरकवा आणि होज हळूहळू हलवत सोडा. धार जोरात येते, घमेलं आधीच खाली हवं.

सीएनजी गाडीत आणखी एक जागा बघायची. सिलिंडरमधला गॅस दाबातून सुटताना खूप थंड होतो, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. किट बाहेरून बसवलं असेल तर त्यासाठी हीटरच्या होजमध्ये टी-जॉइंट टाकलेले असतात. काकांच्या गाडीत त्यातल्याच एका जॉइंटच्या क्लिपखाली पांढरट वाळलेला ओघळ होता. गळती तिथूनच होत होती, आणि ती भरून काढायला कुणीतरी दर वेळी साधं पाणी ओतत आलं होतं. पंधरा-वीस रुपयांची ती क्लिप आम्ही बदलली. त्याचबरोबर रिझर्व्ह बाटलीही उतरवून घासून घ्या, गाळ तिच्या तळाशीच असतो.

आता निघालेलं सगळं मगाने मोजा. काकांच्या गाडीतून तीन लिटर निघालं.

धुणं आणि त्याचं गणित

इथेच घरी करणाऱ्यांचं आणि बऱ्याच गॅरेजचंही चुकतं. खालून धार थांबली म्हणजे सगळं निघालं असं नाही. इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटर कोअरमध्ये, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये, बरंच राहतं. समजा मॅन्युअलप्रमाणे पूर्ण क्षमता पाच लिटर आहे आणि तीन निघालं, तर दोन लिटर आतच आहे. जुन्याचा ४० टक्के भाग.

आत पूर्वीही योग्य कूलंट असेल, स्वच्छ असेल, आणि तुम्ही वेळेवर बदलत असाल तर धुण्याची गरज नाही. तेच रेडी-मिक्स तीन लिटर भरा आणि पुढे जा. पण तांबूस पाणी, गाळ किंवा अज्ञात कूलंट असेल तर प्लग बंद करून डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, वरचा होज गरम होईपर्यंत. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा काढा. दर वेळी पाचातले तीन निघतात, म्हणून पहिल्या निचऱ्यानंतर जुनं ४० टक्के उरतं, दुसऱ्यानंतर १६, तिसऱ्यानंतर ६ च्या आसपास. दोन धुण्यांत एक अख्खा रविवार जातो, कारण थंड व्हायलाच वेळ लागतो. घाई म्हणून गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका. तापलेल्या हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

धुऊन झाल्यावर आत दोन लिटर जवळपास साधं पाणी आहे. अशा वेळी वरून तीन लिटर रेडी-मिक्स ओतलं तर त्यातलं ग्लायकॉल दीड लिटर, आणि एकूण पाच लिटर. म्हणजे ३० टक्के. डब्यावर ५० लिहिलेलं असलं तरी गाडीत ३० गेलं. म्हणूनच धुतलेल्या गाडीत कॉन्सन्ट्रेट वापरायचं. निम्मं-निम्मं हवं तर पाच लिटरच्या निम्मं म्हणजे अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतायचं, मग उरलेल्या जागेत अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. डब्यावर १:३ असेल तर हाच हिशेब एक चतुर्थांशाने करा, म्हणजे सव्वा लिटर कॉन्सन्ट्रेट आणि पावणेदोन लिटर पाणी. हे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं, आणि त्यावरच पुढची काही वर्षं अवलंबून असतात.

हवा काढणं

भरताना बारीक धार धरा. भडाभडा ओतलं की हवा खाली अडकते. गळ्यापर्यंत आल्यावर वरचा होज दोन-चार वेळा दाबून सोडा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, पुन्हा भरा. बाजारात झाकणाच्या जागी घट्ट बसणारं उंच नरसाळं मिळतं. ते असेल तर काम फार सोपं होतं, कारण ते गाडीतली सर्वांत उंच जागा बनतं आणि हवा आपोआप तिकडे येते. नसेल तर गाडीचा पुढचा भाग थोड्या चढावर घ्या, सोसायटीचा रॅम्प पुरतो. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड लावा. काही गाड्यांमध्ये हवा सोडायचा छोटा स्क्रू वरच्या पाइपवर असतो. तो ढिला करून कूलंटची अखंड धार आली की बंद करायचा.

बॅटरी परत जोडा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा मंद. पहिली काही मिनिटं फारसं घडत नाही. रेडिएटरची वाट उघडणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, बंद असतो, कूलंट इंजिनमध्येच फिरतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडतो. त्या क्षणी गळ्यातली पातळी एकदम खाली जाते, वरचा होज हाताला झपकन गरम लागतो आणि आतून मोठे बुडबुडे येतात. त्या क्षणाला तिथेच उभे राहा. पातळी भरत राहा. मधूनमधून हलकीशी रेस द्या, फार नको. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला, दुसऱ्यांदाही झाला, आणि बुडबुडे थांबले, की झाकण लावा. आतून उसळायला लागलं तर आधी इंजिन बंद करा, झाकण लावायची घाई करू नका.

हवा राहिली हे कसं ओळखायचं? डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. इंजिन गरम पण हीटरमधून गार वारा. काटा असेल तर तो वर-खाली उड्या मारतो. पण अनेक छोट्या गाड्यांत आता काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे थंड, लाल म्हणजे तापली, मधलं काही कळत नाही, म्हणून हीटरची परीक्षा जास्त विश्वासाची. सीएनजी गाडीत आणखी एक खूण आहे. रिड्यूसर ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय सिक्वेन्शिअल किट गाडी गॅसवर घेत नाही. रोज एक-दोन किलोमीटरमध्ये गॅसवर जाणारी गाडी कूलंट बदलल्यावर फार उशिरा जाऊ लागली, किंवा रिड्यूसरवर दव आणि बर्फ दिसू लागलं, तर रिड्यूसरकडे जाणाऱ्या कूलंटच्या नळीत हवा अडकली आहे. काकांच्या गाडीत हेच झालं होतं. रिड्यूसर उंच बसवलेला होता. थंड गाडीवर त्याच्या वरच्या होजची क्लिप सैल करून होज थोडा उचलला, सुस्स करत हवा गेली, मग कूलंट आलं. त्यानंतर पाऊण लिटर आणखी भरावं लागलं.

पुन्हा मगाकडे या. तीन लिटर निघालं असेल आणि सव्वादोनच आत गेलं असेल, तर पाऊण लिटर हवा आत आहे, मग बाकीच्या खुणा दिसोत न दिसोत. मोजल्याशिवाय हे कळत नाही.

जुनं कूलंट

गटारात, झाडाच्या बुंध्याशी, पार्किंगच्या कोपऱ्यात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सोसायटीतली कुत्री-मांजरं गाडीखालीच बसतात, आणि सांडलेलं चाटतात. लहान मुलांसाठीही हेच. सांडलेल्यावर लगेच लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका, उचला, मग ती जागा धुवा. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर ठळक अक्षरांत लिहा. पाण्याच्या बाटलीत कधीही नको. वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर बहुधा घेतात.

गॅरेजमध्ये करून घ्यायचं असेल तर

घरी करण्यासारखी जागा नसेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा दाट थर असेल, कूलंटवर तेलाचा तवंग असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर घरी हात लावू नका. ही हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याची लक्षणं असू शकतात. पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरट ओल दिसते, तेवढ्याने घाबरू नका. पण कूलंटही कमी होत असेल तर दाखवाच.

गॅरेजमध्ये तीन गोष्टी आधीच स्पष्ट बोला. सीलबंद डबा तुमच्या समोर उघडायचा. धुण्यासाठी नळाची नळी लावायची नाही, डिस्टिल्ड पाण्याचे पैसे तुम्ही द्याल. आणि गाडी देताना पंखा दोनदा लागेपर्यंत चालवून दाखवायची. चांगल्या गॅरेजमध्ये व्हॅक्यूमने भरायचं यंत्र असतं. ते आतली हवा आधी ओढून घेतं, मग कूलंट आपोआप आत खेचलं जातं. व्हॅक्यूम टिकला नाही तर गळतीही तिथेच कळते. मिळालं तर तेच करून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. काम चालू असताना झाकण आणि होजही बघून घ्या. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो, नवं घेताना तोच असावा. इंजिन गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणाचा आत ओढणारा वॉल्व्ह अडकला आहे, झाकण बदला.

पुढचे चार दिवस

रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, रिझर्व्ह बाटलीची पातळी बघा. मार्करने बाटलीवर रेघ मारून ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत बोटभर उतरणं साहजिक आहे, उरलेली हवा निघते आणि तिची जागा कूलंट घेतं. मिन आणि मॅक्सच्या मध्ये येईल तेवढंच, तेच मिश्रण भरा. काकांच्या गाडीत पहिल्या सकाळी बोटभर उतरलं, दुसऱ्या सकाळी किंचित, मग रेघ जागेवर राहिली.

तुमची रेघ चौथ्या-पाचव्या दिवशीही उतरत असेल तर गळती शोधा. पुढच्या डाव्या सीटसमोर पाय ठेवतो तिथलं कार्पेट ओलसर आणि चिकट लागतंय का, काचेवर आतून गोडसर वासाची वाफ धरते का, तर हीटर कोअर. वॉटर पंपाच्या खाली वाळलेला ओघळ असेल तर पंपाचं सील. काहीच सापडलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. पंपाने दाब भरून इंजिन थंड असतानाच गळती दाखवून देणारं ते साधन आहे आणि काम दहा-पंधरा मिनिटांचं. मध्येच रस्त्यात लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, बाजूला घेऊन इंजिन बंद. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास तरी हात लावू नका, आणि तेव्हाही होज मऊ झाल्याशिवाय नाही. मग प्यायचं पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी न्यायला हरकत नाही. ते पाणी मात्र त्याच आठवड्यात काढून टाका.